शंभर फुटांवरचा शब्द

९ जानेवारी

आज माझ्या हातातून विमान काढून घेतलं. एका सव्वीस वर्षांच्या पोरीने. माझ्या को-पायलटने.

डोक्यात अशी तिडीक गेली आहे की पेन कागदातून आरपार जाईल. तरी नीट क्रमाने लिहितो. सकाळी धुकं एवढं होतं की विमानतळावर तीनशे मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं. अशा धुक्यात उतरायची परवानगी आमच्या कंपनीत मोजक्या कॅप्टनना आहे आणि त्यांत मी सर्वात जुना. या उतरण्यात खिडकीबाहेर बघून काही कळत नसतं. जमिनीवरून येणाऱ्या रेडिओच्या किरणाला धरून ऑटोपायलट विमान खाली आणतो, आपण काट्यांवर नजर ठेवायची. शंभर फुटांवर मात्र माणसाने ठरवायचं. विमानातलंच यंत्र "मिनिमम" असं बोलतं. त्या क्षणी दिवे दिसले तर कॅप्टनने मोठ्याने "लँडिंग" म्हणायचं, नाही दिसले तर "गो-अराउंड", म्हणजे परत वर. आणि कॅप्टन काहीच बोलला नाही तर? तर त्याला भोवळ आली, झटका आला असं धरून को-पायलटने विचारत न बसता थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर वाढवणारे दांडे, पुढे ढकलायचे आणि विमान वर न्यायचं. असा नियम आहे. नियम चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही.

पण मला दिवे दिसले! स्वच्छ दिसले. मी ऑटोपायलट काढला, "लँडिंग" म्हणालो आणि उतरवायला घेतलं. तेवढ्यात या बाईसाहेब "गो-अराउंड! माय कंट्रोल!" असं ओरडल्या आणि थ्रॉटल ढकलून मोकळ्या. मागे एकशे साठ माणसं. दोघांनी दोन बाजूंनी ओढू नये एवढी अक्कल मला आहे, म्हणून हात सोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं विमान दुसऱ्याने वर नेलं आणि मी शेजारी पाहुण्यासारखा बसून राहिलो.

धुकं हटेना. दुसऱ्या विमानतळावर गेलो, तिथे ताटकळलो, दुपारी परत आलो. या सगळ्यात कॉकपिटमधलं सकाळचं बोलणं पुसलं गेलं, कारण आवाज टिपणारं यंत्र शेवटच्या दोन तासांचंच ठेवतं. नाहीतर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

खाली उतरल्यावर तिला विचारलं, "काय केलंस हे?"

"सर, तुम्ही बोलला नाहीत."

"मी बोललो नाही?"

"नाही, सर."

तोंडावर! पापणी न हलवता! हिचं म्हणणं खरं धरलं तर पुढे काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. शंभर फुटांवर गप्प झालेल्या कॅप्टनला आधी डॉक्टरकडे पाठवतात आणि मग घरी. मला निवृत्तीला चार वर्षं आहेत आणि ती मी डाव्या खुर्चीत, कॅप्टनच्या खुर्चीत, बसूनच काढणार आहे. बघतोच कोण उठवतं ते.

१० जानेवारी

लेखी तक्रार दिली. 'कॅप्टनचा स्पष्ट आदेश असताना विमानाचा ताबा घेतला.' घरी बायकोला वाचायला दिली. आमची ही शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे दुसऱ्याचं लिखाण दिसलं की हात लाल पेन शोधतो. तिने एक स्वल्पविराम दिला आणि विचारलं, "तुम्ही नक्की बोललात ना?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. विचारलं आपलं."

घरातच जर भरवसा नसेल तर बाहेरच्यांना काय दोष द्यायचा. जेवण गेलं नाही.

१३ जानेवारी

वैमानिकांच्या मुख्य साहेबांनी बोलावलं. हे साहेब एके काळी माझ्या उजव्या हाताला बसायचे आणि विमान जमिनीला टेकलं की डोळे मिटून घ्यायचे. आता त्यांच्या शर्टाला कधी चुणी पडत नाही, म्हणून सगळे त्यांना इस्त्री म्हणतात. अर्थात पाठीमागे.

इस्त्री फार गोड बोलला. "सर, तुमची तक्रार आम्ही फार गंभीरपणे घेतोय." घ्यायलाच हवी. चौकशी समिती नेमली. तोवर मला धुक्यातली उड्डाणं नाहीत आणि तिला कुठलंच उड्डाण नाही. तिची नोकरीही अजून पक्की झालेली नाही म्हणे, याच महिन्यात व्हायची होती. तो तिचा प्रश्न. दुसऱ्याच्या थ्रॉटलला हात घालताना विचार करायचा होता.

मग त्याने संगणकावर विमानाच्या नोंदींचा आलेख दाखवला. ऑटोपायलट निघाल्यावर विमानाचं नाक खाली गेलेलं दिसतं. थोडं नाही, चांगलंच. विमान ठरलेल्या वाटेच्या खाली चाललं होतं. मी सांगितलं, "वाऱ्याचा झोत आला असेल." इस्त्रीने मान डोलावली. तेवढ्यावर विषय संपला.

आलेखात माणूस काय बोलला ते दिसत नाही. यंत्रं किती का हुशार असेनात.

१४ जानेवारी

आज घरी वेगळीच कटकट. सकाळी नळवाला येणार होता आणि मी हिला घरी थांबायला सांगितलं होतं. मी पेपर घ्यायला कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो तर घराला कुलूप, नळवाला जिन्यात बसून वैतागलेला, आणि ही बाजारात.

"तुला सांगितलं होतं ना!"

"कधी?"

"काल. चहाच्या वेळी."

"चहाच्या वेळी तुम्ही पेपरच्या आड होतात. एक शब्द बोलला नाहीत."

"अगं, मी स्पष्ट म्हणालो, उद्या नळवाला येतोय."

"मनात म्हणाला असाल." आणि हसली. हसण्यासारखं काय होतं ते तिलाच ठाऊक. वर म्हणते, "मागच्या महिन्यात माझ्या बहिणीला निरोप सांगितला होतात, तसाच."

आजकाल कान देऊन कोणी ऐकत नाही. घरात नाही आणि कॉकपिटमध्येही नाही. मी काय आता भोंगा घेऊन फिरू?

१७ जानेवारी

कॅन्टीनमध्ये ती भेटली. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच, पुढ्यात गार झालेला चहा. आजूबाजूच्या टेबलांवर तिच्याच बरोबरीची पोरं खिदळत होती, पण तिच्या टेबलाकडे कुणी फिरकत नव्हतं. मी मुद्दाम समोर जाऊन बसलो. म्हटलं, चूक कबूल करायची असेल तर संधी देऊ. माझं मन काही एवढं कोतं नाही.

"माफी मागायची असेल तर माग. तक्रार सौम्य करता येईल."

"कशाची माफी, सर?"

"कशाची? माझ्या हातातून विमान घेतलंस त्याची!"

"सर, तुम्ही बोलला असतात तर मी हात लावला नसता. तुम्ही बोलला नाहीत, ऑटोपायलट निघाल्याचा आवाज आला आणि नाक खाली गेलं. मी काय करायला हवं होतं?"

"नाक वाऱ्याने खाली गेलं."

तिने चहाचा कप बाजूला सरकवला. "सर, वारा असता तर धुकं टिकलं असतं का?"

यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. फारसं काही बोललो नाही.

पण ती थांबली नाही. "तुमच्याच वर्गात शिकले मी. तुम्ही फळ्यावर विमान काढलं होतंत. धुक्यातून एकदम दिवे दिसले की आपण फार उंचावर आहोत असं वाटतं आणि हात आपोआप नाक दाबतो. चांगल्या चांगल्यांचा दाबतो, असं म्हणाला होतात. मी ते लिहून घेतलं होतं."

"मला माझंच शिकवतेस?"

"हो, सर. दुसरं कुणी नाही ना इथे."

उठलो आणि आलो. काय बिशाद! अंगाचा तिळपापड झाला. आमच्या वेळी कॅप्टनसमोर बसायची सोय नव्हती, ही चक्क उत्तरं देते. चांगल्या चांगल्यांचा दाबतो असं मी म्हणालो असेन, पण ते मी शिकाऊ पोरांना धीर द्यायला म्हणायचो. स्वतःबद्दल नाही.

१९ जानेवारी

तिला द्यायचं चोख उत्तर आज आंघोळ करताना सुचलं: 'वारा नसेल, पण हवेत भोवरे असतात.' नंतर लक्षात आलं की धुक्यात तेही नसतात. लिहून ठेवतो, खोडत नाही.

२२ जानेवारी

इस्त्रीने पुन्हा बोलावलं. दार लावून घेतलं आणि चहाही मागवला. पूर्वी हा माझ्यासाठी चहा आणायचा, आता मागवतो.

म्हणाला, "सर, आडपडदा न ठेवता सांगतो. या हंगामात दर आठवड्याला कुणी ना कुणी को-पायलट विमान परत वर नेतोय. कंपनीला हे परवडत नाही. तुमच्या तक्रारीमुळे आम्हाला नियम सुधारायची संधी मिळतेय."

"कसा सुधारणार?"

"कॅप्टन गप्प राहिला तर को-पायलटने दोनदा विचारायचं. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही तरच हात लावायचा. कॅप्टनचा मान राखला जातो."

ऐकायला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कॅप्टनचा मान राखा असं म्हणणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला.

"आणि ती?"

"तिची नोकरी पक्की होणार नाही. तिला दुसरीकडे मिळेल." खिडकीबाहेर बघत म्हणाला, म्हणजे मिळणार नाही. "तुम्ही सिम्युलेटरची परीक्षा द्या, ती काय, तुम्हाला झोपेतही येईल. मग दोन तारखेला समितीपुढे फक्त हजर राहा. बोलायचीही गरज नाही. पुढचे चार हिवाळे तुमचे."

हिला सांगितलं. या वेळी खरोखर मोठ्याने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोरगी जाणार."

"चुकलं की जाणारच."

"ती चुकली, की बरोबर होती म्हणून अडचण झाली?"

गणिताच्या बाईंशी लग्न करू नये. उत्तराला आधी बरोबर किंवा चूक अशी खूण करतात आणि मग मार्क देतात.

२४ जानेवारी

काही नाही. आज दोनदा तिचा तो गार चहा आठवला. कशाला आठवावा?

२७ जानेवारी

आज सिम्युलेटरची परीक्षा. हे लिहायचं की नाही असा दुपारपासून विचार करतोय. लिहितो. मी घाबरत नाही कुणाला, स्वतःला तर नाहीच नाही.

सिम्युलेटर म्हणजे पायांवर उभी केलेली एक बंद खोली. आत हुबेहूब कॉकपिट, खिडक्यांत पडद्यावरचं धुकं. तो चालवतो माझा जुना दोस्त, सगळे त्याला मास्तर म्हणतात. मागे बसून तो धुकं दाट करतो, इंजिन बंद पाडतो आणि आनंदाने शेंगदाणे खातो. उजव्या खुर्चीत कोण हवं असं त्याने विचारलं तेव्हा मी मुद्दाम एका पस्तिशीच्या गृहस्थाला मागून घेतला. कॅप्टनने काहीही म्हटलं की हा "होय सर" म्हणतो. आम्ही त्याला होयसरच म्हणतो. म्हटलं, मान राखणारा माणूस बाजूला असला की कसं छान होतं बघू.

तीनशे मीटर धुकं. खाली आलो. "मिनिमम." दिवे दिसले. ऑटोपायलट काढला, "लँडिंग" म्हणालो, उतरवायला घेतलं. आणि धाड! खोली हादरली, पडदा लाल झाला, सगळं थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

मागून मास्तर म्हणाला, "धावपट्टीच्या अलीकडे आपटलास. दिव्यांच्या खांबांवर."

मी होयसरकडे वळलो. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. फोटो काढायला बसतात तसा!

"अरे, तू काय करत होतास? तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?"

"सर, तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून मी थांबलो. म्हटलं, आता बोलाल."

"म्हणून थांबलास? कॅप्टन गप्प झाला आणि तू थांबलास? नियम काय सांगतो? विचारत बसायचं नाही, ढकलायचे थ्रॉटल! माझं तोंड बघत बसलास आणि एकशे साठ माणसं मारलीस! तुला हात कशाला दिलेत?"

"होय सर," तो म्हणाला.

मास्तरचं शेंगदाणे खाणं थांबलं. मग तो म्हणाला, "हे वाक्य जरा पुन्हा म्हण. तुला हात कशाला दिलेत, ते."

मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "पण मी 'लँडिंग' म्हणालो होतो."

"नाही म्हणालास."

"मी स्वतः ऐकलं."

"तूच ऐकलंस. आम्ही दोघांनी नाही ऐकलं."

होयसर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. उलट मी सांगितलं असतं तर 'होय सर, म्हणालात' असं तो शपथेवर म्हणाला असता. तेच तर जास्त लागलं.

दुसऱ्यांदा उतरलो. या वेळी "लँडिंग" असं बोंबललो की मास्तर दचकला. उत्तम उतरलो. तिसऱ्या वेळी मास्तरने मध्येच एक छोटासा बिघाड घातला, मी त्यात गुंतलो, दिवे दिसले, म्हणालो, उतरवायला घेतलं. मागून आवाज आला, "आताही नाही." आणि काट्याकडे बघितलं तर नाक खाली. माझ्याच हाताने.

मला माझा आवाज स्वच्छ ऐकू आला होता. आजही ऐकू आला आणि त्या दिवशीही. घोळ आहे तो हाच.

मास्तर बाहेर येऊन म्हणाला, "दुसऱ्या वेळचं धरून पास लिहितो. वरून तसा निरोपच आहे." मी काही बोललो नाही. त्याने पास लिहिलं.

२९ जानेवारी

हिच्याशी भांडलो. म्हणजे मी भांडलो, ती भाजी निवडत होती.

मी म्हटलं, "माझ्यात काही बिघाड नाही. हात स्थिर आहे, डोळे तेज आहेत. एक शब्द तोंडातून निघाला नाही म्हणून एवढा गहजब? तुला तर मी न बोलता सगळं कळतं!"

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "मला कळतं, कारण मी तीस वर्षं तुमच्या मनातलं ऐकत आलेय. तुम्ही पेपर खाली केलात की चहा हवा आणि चष्मा काढलात की भांडण आहे, हे मला माहीत आहे. ती पोरगी तुमची बायको आहे का? तिने का म्हणून ऐकावं तुमच्या मनातलं? आणि खरं सांगू? मलाही कंटाळा आलाय."

यावर बराच वेळ गप्प होतो. मग ती म्हणाली, "आताही गप्पच आहात."

"विचार करतोय."

"मोठ्याने करा."

मग मोठ्याने केला. म्हटलं, मला भीती वाटते. ती डावी खुर्ची गेली की मी कोण? सकाळी उठून पेपर आणणारा म्हातारा. लोक विचारतील, काय करता, तर काय सांगू, नळवाल्याची वाट बघतो? मास्तरने पास लिहिलंय. समितीपुढे नुसतं बसायचंय. चार वर्षं. कुणाला काही कळणार नाही.

ही म्हणाली, "मला कळलंय की आता."

माझे डोळे भरून आले आणि मला राग आला. दोन्ही एकदमच. हिने पाण्याचा पेला पुढे केला. त्या पोरीचं नाव दोघांनीही काढलं नाही, पण ती आमच्या स्वयंपाकघरात बसल्यासारखी होती.

२ फेब्रुवारी

समितीची खोली लांबलचक, टेबल त्याहून लांब. एका बाजूला इस्त्री, कंपनीच्या वकीलबाई आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी. टेबलाच्या टोकाला ती. गणवेश नव्हता, साधा निळा शर्ट. माझ्याकडे तिने एकदाच बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे.

वकीलबाईंनी सगळं वाचून दाखवलं. माझी तक्रार. को-पायलटची अनुभवाची कमतरता. मग नवा नियम, को-पायलटने दोनदा विचारून खात्री करावी. माझ्या सिम्युलेटरच्या परीक्षेचा निकाल, उत्तम. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळून अगदी सौजन्याने म्हणाले, "कॅप्टन, तुम्हाला वेगळं काही बोलायची आवश्यकता नाही. तुम्ही गप्प राहिलात की तुमचा होकार आहे असं आम्ही धरतो."

त्या क्षणापर्यंत मी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. रात्रभर दोन्ही बाजूंनी तोललं होतं आणि पारडं सारखंच राहिलं होतं. पण ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं.

उभा राहिलो. "गप्प म्हणजे होकार? हे कुठे शिकलात तुम्ही? आमच्या धंद्यात गप्प म्हणजे माणूस मेला!"

"कॅप्टन, बसा," इस्त्री म्हणाला.

"नाही बसत. साहेब, तुमचा नवा नियम करून बघू. आत्ता, इथेच. मी कॅप्टन, तुम्ही को-पायलट. आपण शंभर फुटांवर आहोत, दिवे दिसलेत, मी नाक दाबलंय आणि मी गप्प आहे. विचारा मला दोनदा."

इस्त्रीने अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी नाइलाजाने मान हलवली. इस्त्री पडेल आवाजात म्हणाला, "कॅप्टन, लँडिंग?"

मी त्याच्या डोळ्यांत बघत उभा राहिलो. उत्तराची वाट बघावी लागतेच, त्याने बघितली. सभ्य माणूस आहे. मग त्याने पुन्हा तोंड उघडलं, "कॅप्टन, लँडि..."

मी टेबलावर हात आपटला. पेले उडाले, वकीलबाई किंचाळल्या.

"आपटलो," मी म्हणालो. "संपलो. तुम्ही, मी आणि मागची एकशे साठ. पण माझा मान मात्र राखलात हं, साहेब."

मग मीच पुढे बोललो. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "आता लिहून घ्या. नऊ जानेवारीला मी 'लँडिंग' म्हणालो नाही. मनात म्हणालो. नाक वाऱ्याने खाली गेलं नाही, वारा नव्हताच. मी दाबलं. सिम्युलेटरमध्ये तीनपैकी दोन वेळा पुन्हा तेच केलं आणि पास लिहून घेतला. मला सांभाळून घेणारा को-पायलट मिळाला असता तर आम्ही सगळे खांबांवर गेलो असतो. माझं नशीब, की मला ही मिळाली. तक्रार मागे घेतो. आणि तुमच्या या नियमावर माझं नाव घालाल तर कोर्टात खेचेन एकेकाला, मग मला घरी बसवा, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात बसवा!"

अध्यक्ष हळू म्हणाले, "कॅप्टन, याचा तुमच्या परवानगीवर काय परिणाम होईल याची कल्पना आहे ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त आहे."

नियम बारगळला. जुनाच राहिला. तिची नोकरी पक्की झाली, कारण माझं बोलणं कागदावर आल्यानंतर तिला काढायची कुणाची छाती होणार? माझी धुक्यातली परवानगी तिथल्या तिथे काढून घेतली, बाकीची डॉक्टरांच्या अहवालापर्यंत.

बाहेरच्या जिन्यावर ती मागून आली. वाटलं, आभार मानेल. मी नम्रपणे नाही नाही म्हणायची तयारीही केली होती.

"सर, तक्रार तुम्हीच केली होतीत," ती म्हणाली. "तीन आठवडे माझ्याशी कुणी बोललं नाही. माझ्या बाबांनी विचारलं, खरंच चुकलीस का. मी आभार मानणार नाही."

"मागितलेत का मी?"

"नाही."

"मग झालं तर." मला एवढंच सुचलं. मग वाटलं, हेही मनातच राहील, म्हणून थांबून पुढचं बोललो. "चुकलो मी. तुझ्या बाबांना सांग, फोन लाव, मी सांगतो."

तिने खरंच लावला. मी सांगितलं. जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. ते गृहस्थ पलीकडे रडत होते. मला निवृत्तीपेक्षा ते जड गेलं.

६ फेब्रुवारी

डॉक्टरकडे गेलो होतो. ही सोबत होती. दवाखाना विमानतळाच्या कुंपणाला लागून, बाहेर पांढरंफेक धुकं. डॉक्टरने काय काय तपासण्या लिहून दिल्या आहेत, मेंदूच्या, कानाच्या. करू. पण मला नाही वाटत डावी खुर्ची परत मिळेल. लिहून टाकलं.

आत जायच्या आधी बाकावर ताटकळत बसलो होतो. एवढ्यात डोक्यावरून घरघर आली, खाली, आणखी खाली, आता टेकणार असं वाटतंय तोच इंजिनं गर्जली आणि विमान परत वर निघून गेलं. खिडक्यांच्या काचा वाजल्या. शेजारचे एक गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या! सकाळपासून तिसरं. उतरवता येत नाही वाटतं हल्लीच्या पोरांना."

"येतं," मी म्हणालो, "म्हणूनच वर नेलं."

"काय?"

"उतरवता येतं म्हणून वर नेलं! त्यात तुम्ही असतात तर याच पोरांमुळे जिवंत राहिला असतात, काय समजलात?"

सगळा दवाखाना बघायला लागला. हिने माझी बाही ओढली, "अहो, हळू बोला जरा."

मी आणखी मोठ्याने बोललो.